भाद्रपदी पौर्णिमेची सहल

परदेशात बिऱ्हाड केलेल्या कुटुंबाला दोन पंचांगे सांभाळावी लागतात. एक भिंतीवरचे, तेथील सरकारच्या सुट्ट्यांचे. दुसरे आपल्या मनातले. पहिल्यातील तांबड्या तारखा दुसऱ्यातील सणावारांशी क्वचितच जुळतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुलांची परीक्षा असते, आणि ज्या दिवशी सारा बाजार बंद ठेवून शहरेच्या शहरे ओस पडतात तो दिवस आपल्याला चारचौघा दिवसांसारखा वाटतो. दक्षिण कोरियात आम्ही काढलेल्या तीन वर्षांत या नियमाला एक मोठा अपवाद आढळला, तो ‘चुसॉक’ या सणाचा. त्याच सणाच्या सुट्टीत २०२३ साली आम्ही केलेल्या एका सहलीची हकीगत वाचकांपुढे ठेवण्याचे मनात आहे. सहलीत स्थळे पुष्कळ पाहिली; परंतु आज ती आठवू लागले म्हणजे स्थळांच्या आधी सासूबाईंची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, याला माझा नाइलाज आहे.

चुसॉक म्हणजे आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. कोरियाची जुनी कालगणना आपल्यासारखीच चंद्र आणि सूर्य यांची सांगड घालणारी आहे. महिना अमावास्येपाशी पालटतो आणि मधूनमधून अधिक मासही येतो. त्यामुळे हा सण बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेलाच पडतो. त्या साली तर मौज अशी की, आपला श्रावण अधिक होता आणि त्यांचा दुसरा महिना अधिक होता. दोघांनीही आपापला जादा महिना खर्ची टाकून बरोबर एका मुक्कामाला गाठ घातली. गणपती १९ सप्टेंबरला बसले, २८ ला अनंत चतुर्दशी, आणि २९ ला शुक्रवारी चुसॉक. त्याला लागून शनिवार, रविवार. मंगळवार ३ ऑक्टोबर हा तेथील राष्ट्रस्थापनेचा दिवस. मधला सोमवार सरकारने खास सुट्टीचा म्हणून जाहीर केलेला. अशी एकूण सहा दिवसांची सुट्टी, नोकरदारांना पर्वणीच.

आमचे बिऱ्हाड सुवॉन शहरात, चौदाव्या मजल्यावर होते. घरात आम्ही उभयता, तेराव्या वर्षातली कन्या आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. सासूबाई ऑगस्टात तीन महिन्यांच्या परवान्यावर आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, मामंजींना जाऊन तीन वर्षे झालेली, प्रकृती काटक आणि स्वभाव, ज्याला आमच्याकडे ‘पक्का’ म्हणतात तसा. थोरले दीर पुण्यास असतात आणि पक्ष तेच करतात. तेव्हा इकडे करावयाचे असे काही नव्हते. तरीही सहलीचा बेत कानावर पडताच त्यांनी हातातली वात खाली ठेवली.

“पौर्णिमेला प्रौष्ठपदी, दुसऱ्या दिवसापासून पक्ष. तुमची सहल नेमकी तेव्हाच?”

यावर मी काही बोलणे शहाणपणाचे नव्हते. आमच्या यजमानांनी मात्र एक युक्तीचा मुद्दा काढला. जावयाचे होते ते गिम्हे गावी, दक्षिणेस समुद्राजवळ. तेथे एका राणीची समाधी आहे, आणि ती राणी हिंदुस्थानातून आली अशी कोरियन लोकांची दृढ समजूत आहे. “आपल्याकडची मुलगी दिलेली आहे तिथे,” ते म्हणाले.

सासूबाई क्षणभर थांबल्या. “केव्हा दिली?”

“झाली असतील दोनेक हजार वर्षं.”

“मग तिच्या सासरी जाऊन यायला काही हरकत नाही,” असा निकाल मिळाला आणि त्या दशम्यांसाठी दूध तापवायला उठल्या.

अनंत चतुर्दशीला सकाळी उत्तरपूजा करून शाडूच्या वीतभर मूर्तीचे सज्जातल्या बादलीत विसर्जन झाले. मूर्ती विरघळेपर्यंत चिरंजीव बादलीपाशी बसून होते. मग ती माती आम्ही जास्वंदीच्या कुंडीत घातली आणि अकराच्या सुमारास मोटारीत बसलो. त्या चार दिवसांत महामार्गावरचा पथकर माफ असतो, हे ऐकून सासूबाईंना त्या सरकारविषयी आदर वाटला. पण तो आदर दोन तासांत ओसरला. चुसॉकला प्रत्येक कोरियन मनुष्य आपल्या मूळ गावी निघतो. आगगाडीची तिकिटे कित्येक आठवडे आधीच संपतात आणि रस्त्यावर मोटारींची अशी माळ लागते की, आषाढीच्या वाटेवरील दिंड्याही तिच्याहून लवकर पुढे सरकत असतील. एरवी चार तासांचा रस्ता. आम्हांस साडेनऊ तास लागले.

वाटेतील विश्रामस्थाने मात्र पाहण्याजोगी. स्वच्छता अशी की देवघर करावे. अक्रोड घातलेल्या गोड टिकल्या, लोण्यात परतलेले लहान बटाटे, उकडलेली कणसे, भाजलेली चेस्टनटची फळे. टिकल्यांच्या पिठात अंडे असते, म्हणून त्या बाद झाल्या. चेस्टनट सासूबाईंना फणसाच्या भाजलेल्या आठळीसारखी लागली आणि पुढचा सारा रस्ता त्या कागदी पुडीतून एकेक सोलून नातवंडांना देत होत्या. प्रत्येक मोटारीच्या मागल्या काचेशी रेशमी फडक्यात बांधलेली नजराण्याची पेटी दिसत होती. नासपती, सफरचंदे, तिळाचे तेल, आणि डब्यातले डुकराचे मांस देखील! ही शेवटची वस्तू तेथे सणाची प्रतिष्ठित भेट समजतात. आदल्या वर्षी अशी एक पेटी यजमानांच्या कचेरीतून आमच्याकडे आली होती, ती आम्ही शेजारणीला दिली. तिने इतके आभार मानले की आम्हीच ओशाळलो.

गिम्हेत उतरलो ते एका जुन्या पद्धतीच्या घरी. लाकडी ओटी, कागदी दारे, गरम होणारी जमीन. पुढल्या भागात घरमालकांचे कुटुंब राहत होते आणि मागल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देत. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. ओटीवर घरची सून आणि तिची जाऊ अशा दोघी विजेच्या तव्यापुढे बसून काहीबाही तळीत होत्या. शेजारी पिठाची परात, भाज्यांचे काप, माशांचे तुकडे, आणि तळलेल्या पदार्थांनी भरत चाललेल्या टोपल्या. पुरुषमंडळी आत दूरदर्शनवर गाण्यांचा कार्यक्रम पाहत होती. थोरल्या सुनेने मान वर करून आम्हांला नमस्कार केला आणि मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. ती खूण कोणत्याही भाषेत सारखीच असते.

या कष्टांना कोरियात एक नावच पडले आहे, त्याचा अर्थ सणाचे दुखणे असा होतो. सण झाल्यावर सुनांची पाठ, मनगटे आणि मन ही तिन्ही दुखतात, आणि सणानंतर घटस्फोटाचे अर्ज वाढतात अशी चर्चा वर्तमानपत्रांत दर वर्षी होते. तेथील धर्माचाराचे जुने पीठ म्हणजे सोल शहरातील सुंग्ग्युनक्वान. कन्फ्यूशियसच्या परंपरेत त्याचा शब्द प्रमाण मानतात. त्या पीठाच्या समितीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की, पितरांच्या ताटात तळलेले पदार्थ असलेच पाहिजेत असा शास्त्रार्थ नाही. नऊ पदार्थ पुरेत. भाताच्या सोंगप्योन, भाजी, भाजलेला एखादा पदार्थ, किमची, फळे आणि मद्य यांत सर्व आले. शास्त्र्यांनी आपण होऊन सुनांचा तवा उतरवावा ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे श्राद्धाच्या वड्यांसंबंधी असा निर्णय कोणी देईल तर त्याला मी स्वतः नारळ देईन. गिम्हेच्या त्या ओटीवर मात्र, निर्णयाला वर्ष लोटले तरी, तवा तापलेलाच होता.

पहाटे कागदी दारातून धुपाचा वास आला. सासूबाई आधीच उठून बसल्या होत्या. अंगणापलीकडे दिवाणखान्याचे दार उघडे होते. घरची म्हातारी आम्हांस पाहून हसली आणि उंबऱ्याबाहेर बसावयाला तिने उशा टाकल्या, म्हणून तेथून सर्व विधी दिसला. याला ‘छार्ये’ म्हणतात. मागे घडीचा पडदा, पुढे उंच पाट, त्यावर पितरांची नावे लिहिलेली कागदाची पट्टी. फळांचा क्रम ठरलेला: तांबडी पूर्वेस, पांढरी पश्चिमेस. पीच हे फळ चालत नाही, कारण त्याने पितर दूर पळतात. स्वयंपाकात तिखट आणि लसूण वर्ज्य. कन्येने हे भाषांतर करून सांगितले तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, जणू हा नियम त्यांनीच येथे पाठविला होता. थोरल्या मुलाने प्याला धुपावरून फिरवून ठेवला. सर्व पुरुष दोनदा जमिनीला कपाळ टेकून उठले. मग पितरांना जेवू देण्यासाठी मंडळी थोडा वेळ मान खाली घालून उभी राहिली, आणि शेवटी ती नावाची पट्टी अंगणात जाळली.

“ब्राह्मण कुठे आहेत?” सासूबाईंनी हळूच विचारले. ब्राह्मण नाहीत, घरचा थोरलाच सर्व करतो, हे ऐकून त्या काही वेळ विचारात पडल्या. त्यांना अधिक नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. पट्टीची राख होताच पोरे हसूखिदळू लागली, नवे कपडे घालून धावू लागली, आणि घरात सणाचा गलबला सुरू झाला. आपल्याकडे पितर येतात ते चंद्र कलेकलेने झिजू लागला म्हणजे. तो पंधरवडा शुभकार्याला वर्ज्य. कोणी नवे वस्त्र घेत नाही, कोणी मुलगी पाहावयास जात नाही. कोरियन मनुष्य त्याच पितरांना पूर्ण चंद्राच्या दिवशी, नव्या भाताच्या सुगीत, पंगतीला बोलावतो. एकाच पौर्णिमेच्या अलीकडे एकाने आणि पलीकडे दुसऱ्याने पाट मांडला आहे. कोणाचे बरोबर हा प्रश्न मला पडला नाही; पण आपली मुले पितृपक्षाला भितात आणि ती मुले चुसॉकची वाट पाहतात, हे मी पाहिले.

थोड्या वेळाने म्हातारीने आमच्याकडे सोंगप्योनची ताटली आणली. तांदळाच्या पिठात आधणाचे पाणी घालून ते मळतात, पारी करून आत तीळसाखर, मूग किंवा चेस्टनट भरतात, अर्धचंद्राचा आकार देतात, आणि पाइन वृक्षाच्या सुयांसारख्या पानांवर ठेवून उकडतात. वरून तिळाचे तेल. म्हणजे पारी मोदकाची, घाट करंजीचा आणि वास कुठल्यातरी अरण्यातला. जी मुलगी सोंगप्योन सुबक करील तिला मुलगी सुंदर होते, असे तिकडे म्हणतात. सासूबाईंनी एक उचलून उजेडाकडे धरली, मुरड पाहिली, पण तोंडात घालीनात. मला कारण कळले. परगोत्राचे श्राद्धान्न.

“सण आहे म्हणते ना ती?” त्यांनी नातीला विचारले.

“हो आजी. सगळ्यांत मोठा सण.”

“मग सणाचं म्हणून घेते.” आणि खाऊन झाल्यावर, “पारी जाड आहे. पण फुटली नाही हो एकही.” याहून मोठे प्रशस्तिपत्र मला वीस वर्षांत मिळालेले नाही. गणपतीचे पंचखाद्य त्यांनी सोबत घेतले होते, ते म्हातारीच्या ओंजळीत घातले.

घरमालकांच्या फडताळात जाड पुस्तकांची एक ओळ होती. ते ‘जोक्बो’, म्हणजे त्यांचे कुलवृत्तांत. चिरंजीवांनी चौकशी केली म्हणून म्हाताऱ्याने एक खंड काढून दाखविला. आपल्याकडे पुण्यामुंबईच्या कुलमंडळांनी जसे कुलवृत्तांत छापले तशीच रचना: पिढी, नाव, जन्म, मृत्यू. जुन्या खंडांत मुलींची नावे नव्हती. मुलीच्या जागी जावयाचे नाव, आणि पत्नीच्या जागी केवळ तिचे आडनाव व मूळ गाव. नव्या खंडांत मुलींचीही नावे घातली आहेत असे तो अभिमानाने म्हणाला. गंमत अशी की, कोरियात लग्नानंतर स्त्री आपले आडनाव बदलतच नाही. म्हातारीचे आडनाव पतीहून वेगळे होते. नाव जन्मभर स्वतःचे, आणि वंशाच्या पुस्तकात मात्र अर्धेच! सासूबाई म्हणाल्या, “आपल्यात निदान माहेरचं लिहितात एका ओळीत.” एवढे बोलून त्या गप्प झाल्या.

दहाच्या सुमारास आम्ही समाध्या पाहावयास गेलो. गिम्हे ही प्राचीन गाया राज्यांपैकी एकाची राजधानी. लोखंड गाळून दूरदूर विकणारे हे लोक. याच गावातील देसाँग-दाँगच्या दफनटेकड्यांना, इतर सहा ठिकाणच्या गायाकालीन टेकड्यांसह, युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आमच्या भेटीच्या अवघे बारा दिवस आधी. त्यामुळे गावभर फलक लागले होते. राजा सुरो याची समाधी म्हणजे भिंतींच्या आत राखलेला हिरव्यागार गवताचा गोल डोंगरच. दारावर समोरासमोर तोंडे केलेले दोन मासे रंगविले आहेत. राणीची समाधी तेथून सुमारे एक किलोमीटरवर, गुजीबाँग टेकडीच्या पायथ्याशी, पाइनच्या झाडीत. तिची शोभा अधिक, कारण तेथे गर्दी कमी.

कथा अशी. आयुता देशाच्या राजाला स्वप्नात दृष्टान्त झाला की, तुझी मुलगी गायाच्या राजाला दे. सोळा वर्षांची राजकन्या निघाली. समुद्र खवळला, नौका परत आली. तेव्हा बापाने नौकेत दगडी स्तूप चढविला आणि समुद्र शांत झाला. इसवी सन ४८ मध्ये तांबड्या शिडाची ती नौका किनाऱ्याला लागली. उतरताच तिने अंगावरचे रेशमी वस्त्र पर्वतदेवतेला अर्पण केले. सुरो तिचीच वाट पाहत थांबला होता. तिचे नाव हो ह्वांग-ओक. तो स्तूप ‘पासा’ या नावाने समाधीपाशी छपराखाली ठेवला आहे. झिजलेले, तांबूस ठिपक्यांचे पाचसहा दगड. सासूबाईंनी त्यावर दुरूनच अक्षता टाकाव्या तसा हात केला.

सुशिक्षित वाचकांस येथे शंका येणारच, आणि ती रास्त आहे. ही कथा आहे ‘साम्गुक युसा’ या ग्रंथात, आणि तो इर्योन नावाच्या बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकात रचला. म्हणजे घटनेनंतर बाराशे वर्षांनी. आयुता म्हणजे अयोध्याच असे निश्चित म्हणावयास आधार नाही. कोणी तो दक्षिण हिंदुस्थानात शोधतो, कोणी बौद्धांनी मागाहून जोडलेले नाव समजतो. तथापि दोन्ही देशांच्या लोकांनी नाते मानले आहे. २००१ साली अयोध्येत शरयूकाठी या राणीचे स्मारक उभारले, आणि २०१८ च्या नोव्हेंबरात कोरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जुंग-सुक तेथे येऊन गेल्या. सोयरीक जुळली म्हणजे पत्रिका कोण पाहतो!

पण फलकावरचा पुढला मजकूर कन्या वाचू लागली तेव्हा सासूबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. राजाराणीला दहा मुलगे झाले. राणीने राजाला विनविले की, मी परदेशातून आले, माझ्यामागे माझे नाव येथे कोणी लावणार नाही. राजाने दोन मुलांना तिचे आडनाव दिले. त्या दोघांचा वंश तो गिम्हेचा ‘हो’ वंश. बाकीच्यांचा गिम्हेचा ‘किम’ वंश, ज्यात आज चाळीस लाखांहून अधिक माणसे मोडतात. दोन्ही वंश एकाच आईबापांचे म्हणून शतकानुशतके आपसांत लग्ने करीत नसत. आपल्या सगोत्राचाच निर्बंध तो. कोरियात एका कुळाच्या वधूवरांवरील कायद्याची बंदी घटना-न्यायालयाने १९९७ मध्ये घटनेशी विसंगत ठरविली; आपल्याकडे सगोत्र विवाहाला १९४६ च्या कायद्याने मान्यता मिळाली. २००८ पासून तर कोरियातील वधूवर विवाह नोंदवितानाच ठरवून मुलांना आईचे आडनाव लावू शकतात. अर्थात लावणारे थोडे.

“पुन्हा वाच,” सासूबाई म्हणाल्या. कन्येने पुन्हा वाचले.

“दहांतले दोन मिळाले तिला.” त्या समाधीकडे पाहत होत्या. “मला तिघे मुलगे. माझ्या वडिलांचं गोत्र कोणतं, सांगतोस?”

प्रश्न आमच्या यजमानांना होता. ते इंजिनियर आहेत. धातूच्या पापुद्र्यांची जाडी त्यांना तोंडपाठ असते. त्यांनी आठवावयाचा प्रयत्न केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

“कौशिक,” सासूबाईंनीच सांगितले. “गेल्या वर्षी पक्षाला मी पलीकडच्या खोलीत काकड्या चोचवत होते. गुरुजी मातामहांच्या पिंडांना आले. नाव बरोबर घेतलं, आणि गोत्र म्हणाले काश्यप. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात ना, तसं. थोरल्यानं काही सांगितलं नाही; त्याला ठाऊकच नाही तर सांगणार काय. संकल्प चालू असताना मी मध्ये कशी बोलू? आणि नंतर बोलून काय, पिंड तर दिलेले.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “मला भाऊ नाही. तेवढे तीन पिंडच होते त्यांना. ते कोण्या काश्यपाला गेले.”

हे त्यांनी रडून सांगितले नाही. चेस्टनट जून निघाली हे सांगावे तशा सुरात सांगितले. वर्षभर त्यांनी ही गोष्ट पोटात ठेवली होती. घरी, भरल्या कुटुंबात, तिला तोंड फुटले नव्हते, आणि फुटले ते परक्या देशात, परक्या राणीच्या समाधीपाशी. चिरंजीवांनी विचारले, “मग पणजोबांना जेवण पोचलं नाही?” मी त्याला गप्प करणार होते. सासूबाई म्हणाल्या, “विचारू दे. कोणी तरी विचारलं.”

मातामहांना पिंड देणे हा शास्त्राने मुलीच्या माहेरासाठी राखून ठेवलेला केवढा मोठा आधार आहे, हे त्या दिवशी मला प्रथम जाणवले. शास्त्रकारांनी दौहित्राच्या ओंजळीतून मुलीच्या बापाला पाणी मिळेल अशी व्यवस्था केली. परंतु ती मुलगी घरात बसलेली असताना तिला तिच्या बापाचे गोत्र विचारावे, एवढी तसदी पुढल्या कित्येक पिढ्यांत कोणी घेतली नाही. पाक तिच्या हातचा, वडे तिच्या हातचे. नावे मात्र दुसऱ्याच्या स्मरणातली. किती घरांतील किती मातामह आज काश्यप झाले असतील, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

दुपारी आम्ही बुसानला गेलो आणि संध्याकाळी हेउंडेजवळील दालमाजीच्या टेकडीवर. या टेकडीचे नावच चंद्रदर्शनावरून पडलेले आहे. शेकडो कुटुंबे समुद्राकडे तोंड करून उभी होती. चंद्र पाण्यातून वर आला तो मोठा, तांबूस. सर्वांनी हात जोडून काही मागितले. कोरियन मुलांना चंद्रावर ससा दिसतो आणि तो उखळात तांदूळ कांडीत असतो. आमच्या चिरंजीवांनी शेजारच्या मुलाला सांगितले की, आमचाही ससाच आहे, पण तो काही काम करीत नाही.

यजमान बराच वेळ कठड्याशी उभे होते. मग त्यांनी खिशातून दूरध्वनी काढून पुण्यास दिरांना लावला. तेथे दुपार होती. इकडचे शब्द मला ऐकू आले. “दादा, आईच्या वडिलांचं गोत्र कौशिक. हो, कौशिक. लिहून घे. नाही, काश्यप नाही.” पलीकडून पुष्कळ वेळ काही बोलणे झाले. शेवटी दूरध्वनी सासूबाईंच्या हाती आला. त्या म्हणाल्या, “अरे, रागावले नाही मी. सर्वपित्रीला गुरुजी येतील तेव्हा सांग म्हणजे झालं. आणि आजोबांचं नाव लिही, पणजोबांचंही सांगते.” त्यांनी तीन पुरुषांची नावे एकामागून एक घेतली, मागून मातामहीचेही घेतले, माहेरचे आणि सासरचे. समुद्राच्या वाऱ्यात त्यांना ती मोठ्याने सांगावी लागली.

परतीचा प्रवास रविवारी झाला. तोही लांबला, त्याविषयी लिहिण्यासारखे नाही. सुवॉनला पोहोचल्यावर कन्येने शाळेच्या एका वहीत जोक्बोच्या धर्तीवर आमच्या घरची वंशावळ काढावयास घेतली. नियम तिचा तिनेच केला: पुरुषाच्या शेजारी स्त्रीचे नाव पूर्ण, माहेरच्या नावासह, आणि तिचे आईवडीलही. सासूबाईंची बाजू एका संध्याकाळी भरली. मग ती माझ्याकडे वळली.

“आई, तुझ्या आईच्या वडिलांचं गोत्र?”

मी घड्याळाकडे पाहिले. मिरजेला साडेचार वाजले होते. आई चहा टाकीत असणार. दूरध्वनी लावला.

“गोत्र?” आई म्हणाली. “आज हे मध्येच कुठून?”

“लिहून ठेवतोय,” मी म्हटले. “तुझ्या आजीचं माहेरचं नावही सांग.”

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. “थांब,” ती म्हणाली, “बसून सांगते.”